इंटरनॅशनल एज्युकेशनचं मास्टर्स: बारा कोर्स नेमके कसे लावायचे?

फळाखडू (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

सात वर्षं शाळेत विज्ञान शिकवल्यावर इंटरनॅशनल एज्युकेशनच्या दोन वर्षांच्या मास्टर्सला प्रवेश मिळालाय. सेमिस्टर सुरू व्हायच्या आत कोर्स प्लॅन भरून ॲडव्हायजरला द्यायचा आहे. एका पानाचा फॉर्म, पण प्रवेशाच्या अर्जाने खाल्लं नाही तेवढं डोकं त्याने खाल्लंय.

एकूण ३६ क्रेडिट, म्हणजे प्रत्येकी ३ क्रेडिटचे बारा कोर्स. चार सेमिस्टर, दर सेमिस्टरला तीन. सक्तीचे चार: क्षेत्राची ओळख, शिक्षण आणि विकास, संशोधन पद्धती, आणि शेवटचा सेमिनार, ज्यात थिसीस लिहायचा किंवा प्रॅक्टिकमचा, म्हणजे एखाद्या संस्थेत केलेल्या प्रत्यक्ष कामाचा, अहवाल द्यायचा. उरलेले आठ आपल्या मर्जीचे. त्यातले दोन दुसऱ्या विभागातले घेतले तरी चालतात.

मी असे मांडलेत. पहिलं सेमिस्टर: क्षेत्राची ओळख, जागतिकीकरण आणि शिक्षण, शांतता शिक्षण. दुसरं: शिक्षण आणि विकास, शैक्षणिक नेतृत्व, आंतरसांस्कृतिक संवाद. तिसरं: निर्वासितांचं शिक्षण, शिक्षणाचं अर्थशास्त्र, उच्च शिक्षणाचं आंतरराष्ट्रीयीकरण. चौथं: संशोधन पद्धती, संख्याशास्त्र आणि तो सेमिनार.

सगळ्यातलं थोडं थोडं यावं असा विचार केला. संख्याशास्त्र शेवटी का, ते विचारू नका. (घाबरते. विज्ञान शिकवत असले तरी घाबरते.)

कुणी हे केलं असेल तर मोकळेपणाने सांगा. तीन आठवडे आहेत हातात.


वाकडीवाट

अभिनंदन! पण प्लॅन वाचून कळेना, तुम्हाला जायचंय कुठे?

'इंटरनॅशनल एज्युकेशन' ही एका पाटीखाली तीन बिऱ्हाडं आहेत. पहिलं बिऱ्हाड तुलनेचं, सगळ्यात जुनं. मार्क-आंत्वान ज्युलियँ नावाच्या फ्रेंच माणसाने १८१७ मध्ये देशोदेशींच्या शाळांची माहिती एकाच प्रश्नावलीने गोळा करायची कल्पना मांडली, तिथपासून याची वंशावळ सांगतात. इथले लोक विचारतात, अमुक देशात असं का आणि तमुक देशात तसं का. दुसरं बिऱ्हाड विकासाचं. युनेस्को, युनिसेफ, जागतिक बँक, स्वयंसेवी संस्था, शिक्षणावरच्या जागतिक परिषदा (१९९० ची जोमतिएन, २००० ची डाकार, २०१५ ची इंचॉन), शाश्वत विकासाचं चौथं म्हणजे शिक्षणाचं उद्दिष्ट, ही सगळी त्यांची बोली. तिसऱ्या बिऱ्हाडातले लोक विद्यापीठांत बसतात आणि विद्यार्थ्यांची ये-जा, देवाणघेवाण, पदव्यांची मान्यता, दुसऱ्या देशातले कॅम्पस बघतात.

तिघांचा स्वयंपाक वेगळा, भांडीही वेगळी. तुमच्या प्लॅनमध्ये तिन्ही घरचे दोन-दोन घास आहेत. परिचय म्हणून छान. पण दोन वर्षांनी तुम्हाला साठ-सत्तर पानांचा एकच थिसीस लिहायचाय, आणि त्या वेळी हाताशी एका विषयातले पाच कोर्स असतील तर काहीतरी उभं राहतं. दहा विषयांतला एकेक असेल तर नाही.

म्हणून आधी सांगा, शिकवताना कधी असं काही घडलं का की मनात आलं, 'हे असं का?' कोर्सचं नंतर बघू.


अर्धाप्रबंध

संशोधन पद्धती चौथ्या सेमिस्टरला? वरातीमागून घोडं ते हेच.

माझी कहाणी ऐका, फुकट आहे. मी पण पद्धतींचा कोर्स पुढे ढकलला होता. उत्साहाच्या भरात पहिल्या वर्षीच्या सुट्टीत चौदा शिक्षकांच्या मुलाखती घेऊन आलो. म्हटलं, माल तर गोळा करू. मग तिसऱ्या सेमिस्टरला कोर्स केला आणि दुसऱ्याच आठवड्यात घाम फुटला. माझा पहिलाच प्रश्न होता, 'या प्रशिक्षणाचा तुम्हाला कसा उपयोग झाला?' उपयोग झालाच नसेल ही शक्यताच मी दारातून हाकलून दिली होती. चौदाच्या चौदा जणांनी सभ्यपणे उपयोग सांगितला.

पण खरी गोची पुढे होती. विद्यापीठाच्या समितीची नैतिक मान्यता न घेता केलेल्या मुलाखती थिसीसमध्ये वापरता येत नाहीत. मागाहून मान्यता मिळत नसते. चौदा रेकॉर्डिंग अजून माझ्याकडे पडून आहेत, आणि त्यातल्या सहा मी लिहूनही काढल्या होत्या. एका तासाच्या बोलण्याला मला पाच तास लागायचे. हिशेब तुम्हीच करा.

त्यामुळे पद्धतींचा कोर्स पहिल्या नाहीतर दुसऱ्या सेमिस्टरला. मान्यतेचा अर्ज दुसऱ्याच्या शेवटी. मुलांशी बोलणार असाल तर पालकांची लेखी संमती आणि मुलाची स्वतःची तयारी, दोन्ही लागतात, आणि समिती असा अर्ज जास्त बारकाईने बघते. फक्त शिक्षकांशी बोलणार असाल तर गाडी जरा लवकर सुटते. पण सुटते असं म्हटलंय, धावते असं नाही.


गणितद्वेष्टी

धागाकर्ती ताई, माझं नाव वाचा आणि विश्वास ठेवा. संख्याशास्त्र दुसऱ्या सेमिस्टरला घ्या. तुम्ही पुढे आकडे वापरणार नसाल तरी घ्या, कारण या क्षेत्रात दुसरे लोक तुमच्यावर आकडे फेकतात.

आमच्या बाईंनी पहिल्या तासाला पिसाचा, म्हणजे देशोदेशींच्या मुलांच्या चाचणीचा, एक तक्ता हातात दिला. दोन देश, गणितातली सरासरी, फरक चार गुणांचा. विचारलं, पुढे कोण? आख्ख्या वर्गाने हात वर करून वरच्या देशाचं नाव सांगितलं. मग त्यांनी शेजारचा बारीक अक्षरातला रकाना दाखवला. दोन्ही सरासऱ्यांची प्रमाण त्रुटी (थोड्याच मुलांची परीक्षा घेतल्यामुळे सरासरी किती इकडेतिकडे होऊ शकते त्याचं माप) तीनच्या आसपास. फळ्यावर मांडलं: तीनचा वर्ग नऊ, नऊ अधिक नऊ अठरा, त्याचं वर्गमूळ सव्वाचारच्या आत-बाहेर. म्हणजे फरकाचीच त्रुटी सव्वाचार आणि फरक चार. फरक खरा आहे असं ठामपणे म्हणायला तो त्रुटीच्या जवळजवळ दुप्पट तरी हवा. उत्तर: पुढे कोण ते या तक्त्यावरून सांगता येत नाही. दहा मिनिटांचं काम होतं हो! आणि मी त्याला दोन वर्षं घाबरत होते.

त्याच कोर्समध्ये कळलं की पिसा १५ वर्षांच्या मुलांची परीक्षा घेते, पण शाळेत नाव असलेल्या, आणि सातवी किंवा त्यापुढे असलेल्याच. ज्या देशात त्या वयाची बरीच मुलं शाळेबाहेर आहेत, तिथली सरासरी कोणाची सरासरी आहे? टिम्स ही अशीच दुसरी चाचणी, पण तिची तऱ्हा आणखी वेगळी. ती वय बघत नाही, इयत्ता बघते, चौथी आणि आठवी. शाळांमध्ये काय शिकवलं जातं त्याच्या जवळ राहून प्रश्न काढते. १९९५ पासून दर चार वर्षांनी. पिसा २००० पासून दर तीन वर्षांनी होत आली, फक्त २०२१ ची फेरी २०२२ ला गेली. हे दोन्ही तक्ते शेजारी ठेवून 'आमचा देश घसरला' म्हणणारे लोक तुम्हाला पदोपदी भेटतील.

आणि पटनोंदणीचं स्थूल प्रमाण १०० च्या वर कसं जातं, हे कळलं तेव्हा मला जे हसू आलं! त्या टप्प्याच्या वयाबाहेरची, मागे राहिलेली किंवा उशिरा आलेली मुलंही वर अंशात मोजतात, खाली छेदात फक्त त्या वयाची. म्हणजे ११० टक्के ही शाबासकी नाही. कधी कधी मुलं त्याच वर्गात अडकून पडल्याची ती खूण असते.


फळाखडू

बाप रे, एवढे प्रतिसाद! धन्यवाद.

अर्धाप्रबंध, तुमच्या चौदा मुलाखती वाचून पोटात गोळा आला. पद्धती पुढे आणतेच. संख्याशास्त्राचं त्या सव्वाचारने अर्धं काम केलंय.

वाकडीवाट, तुमच्या प्रश्नावर दोन दिवस विचार केला. एक गोष्ट आहे, पण ती 'आंतरराष्ट्रीय' वगैरे आहे का मला कळत नाही. चार वर्षांपूर्वी आमच्या शाळेत विज्ञानाची किट्स आली. दुसऱ्या देशात नावाजलेली कृतीतून शिकण्याची पद्धत, तिचं भाषांतर केलेलं मॅन्युअल, तीन दिवसांचं प्रशिक्षण. मॅन्युअलमधल्या फोटोत वीस मुलं, पाच टेबलं, प्रत्येकाच्या हातात भिंग. माझ्या वर्गात अठ्ठावन्न मुलं आणि एका खोक्यात चार भिंगं. पहिल्या वर्षी मी ती भिंगं रांगेतून फिरवली. दुसऱ्या वर्षी मीच समोर उभी राहून प्रयोग करून दाखवला. तिसऱ्या वर्षी फळ्यावर भिंगाचं चित्र काढलं. खोकी कपाटात. पण दर वर्षी वापराचा फॉर्म यायचा आणि मी 'नियमित' वर खूण करायची. सगळेच करायचे.

मला तेव्हा लाज वाटायची. आता मात्र वाटतं, हे माझ्या एकटीचं असेल कसं?


वाकडीवाट

ताई, हाच तुमचा थिसीस. कपाटातली खोकी.

आणि 'आंतरराष्ट्रीय आहे का' म्हणून काय विचारता, हा त्या पहिल्या बिऱ्हाडातला सगळ्यात जुना वाद आहे. मायकल सॅडलर या इंग्लिश शिक्षणतज्ज्ञांनी १९०० साली गिल्डफर्डच्या भाषणात सांगितलं होतं की दुसऱ्यांच्या शिक्षणव्यवस्थांतून बागेत फिरणाऱ्या मुलासारखं इकडचं एक फूल, तिकडची चार पानं तोडायची आणि घरच्या मातीत खोचून झाड जगेल म्हणायचं, हे चालत नाही. सव्वाशे वर्षं झाली, फुलं तोडणं चालूच आहे.

आज याला 'पॉलिसी बॉरोइंग' म्हणतात, धोरणांची उसनवारी. फिलिप्स आणि ओक्स या संशोधकांनी २००३ मध्ये तिचे चार टप्पे मांडले: आधी परक्या गोष्टीचं आकर्षण, मग निर्णय, मग अंमलबजावणी, आणि शेवटी ती गोष्ट आपल्यात मुरणं. तुमची गोष्ट तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्यांच्या मध्ये, कपाटात अडकली आहे. मुरली म्हणायची की मेली? फॉर्मवर 'नियमित' आणि फळ्यावर चित्र, यातलं खरं कुठलं? मला विचाराल तर दोन्ही खरी आहेत, आणि तीच मजा आहे.

आता या प्रश्नाने तुमची यादी चाळा. धोरणांच्या उसनवारीवर कोर्स असेल तर तो मणका. दुसऱ्या विभागातून घ्यायच्या दोनपैकी एक अभ्यासक्रम-विचारावरचा. मुलाखती आणि वर्गनिरीक्षण शिकवणारा गुणात्मक पद्धतींचा एक. नेतृत्वाचा कोर्स कशाला घेतलात ते मला अजून समजलेलं नाही.


खिडकीतली

वाचतेय. 'नियमित' वर आम्हीपण खूण करायचो.


शिक्केवाला

सगळे थिसीस-थिसीस करताहेत म्हणून दुसऱ्या बाजूने बोलतो. मी एका विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कचेरीत काम करतो, म्हणजे वर सांगितलेलं तिसरं बिऱ्हाड. हे मास्टर्स केलेले लोक आमच्याकडे मुलाखतीला येतात तेव्हा थिसीस कोणी वाचत नाही. काय करता येतं ते बघतो. परदेशी गुणपत्रिका वाचता येते का? युरोपातल्या एका वर्षाचे ६० क्रेडिट म्हणजे किती काम, हे ठाऊक आहे का? (तिकडे एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तास.) एखादा करार नीट मसुद्यात मांडता येतो का?

उच्च शिक्षणाच्या कोर्सचं इथे कोणी नाव काढत नाही, पण त्यात एक गोष्ट अशी शिकवतात जी पहिल्या बिऱ्हाडातही कामाला येते. १९९५ पासून लागू झालेल्या सेवाव्यापाराच्या करारात, गॅट्समध्ये, सेवा सीमेपलीकडे जायच्या चार तऱ्हा आहेत. शिक्षणाला लावून बघा. सेवा एकटीच जाते, म्हणजे ऑनलाइन कोर्स. विद्यार्थी तिच्याकडे जातो. संस्था दुसऱ्या देशात कॅम्पस उघडते. किंवा शिक्षक स्वतः तिकडे जाऊन शिकवतो. ताईंच्या किटमध्ये कोण गेलं? मॅन्युअल गेलं, माणूस गेला नाही. प्रशिक्षण देणारे त्या मूळ वर्गात कधी गेले होते का? विचारायला हवं.

असो. म्हणणं एवढंच की प्रॅक्टिकमला कमी लेखू नका. नोकरी हवी असेल तर एखाद्या संस्थेत तीन महिने काम केल्याचा अहवाल सत्तर पानांपेक्षा जास्त बोलतो.


अर्धाप्रबंध

शिक्केवाले साहेब, अर्धं पटलं. प्रॅक्टिकम चांगलाच. पण मी बघितलेले अर्धेअधिक प्रॅक्टिकम म्हणजे संस्थेच्या वार्षिक अहवालातल्या स्पेलिंग-चुका काढणं आणि पाहुण्यांच्या खुर्च्या मोजणं. विद्यार्थ्याकडे आधी प्रश्न असेल तर संस्थेत काय मागायचं ते त्याला कळतं. प्रश्न नसेल तर संस्था खुर्च्याच मोजायला लावणार.


शिक्केवाला

खुर्च्यांचं खरं आहे. आम्हीच मोजायला लावतो. :)


रात्रपाळी

मी नोकरी सांभाळून केलं, तीन वर्षांत. तुमच्या चर्चेत एक गोष्ट राहिली, ती म्हणजे तास.

३ क्रेडिटचा कोर्स म्हणजे आठवड्याला तीन तास वर्ग आणि बाहेर त्याच्या दुप्पट काम, असा हिशेब धरतात. म्हणजे नऊ तास. तीन कोर्स म्हणजे सत्तावीस. कागदावर अगदी माणसात बसणारं. पण हे सत्तावीस तास सगळ्या आठवड्यांत सारखे विभागलेले नसतात. माझ्या दुसऱ्या सेमिस्टरला तीनही कोर्स वाचनाचे होते, तिन्हींना शेवटी वीस पानांचा पेपर, आणि तिन्ही पेपर तेराव्या-चौदाव्या आठवड्यात. त्या दोन आठवड्यांत मी जे लिहिलं ते माझ्या शत्रूनेही वाचू नये.

म्हणून सिलॅबस आधी मागवा. गेल्या वर्षीचा मिळाला तरी चालतो, बहुतेक शिक्षक देतात. मी नंतर काय करायचो, एक कागद आडवा धरून पंधरा आठवड्यांचे पंधरा चौकोन काढायचो आणि प्रत्येक कोर्सची देणी त्यात टाकायचो. कुठे तीन खुणा एका चौकोनात पडल्या की एक कोर्स बदलायचा. संख्याशास्त्र इथे उपयोगी पडतं, कारण त्यात दर आठवड्याला छोटा गृहपाठ असतो, शेवटी वीस पानं नसतात. दोन वाचनाचे आणि एक गृहपाठाचा, असं त्रिकूट जमलं तर सेमिस्टर सुसह्य.

आणि एक. कॅटलॉगमध्ये असलेला कोर्स त्या वर्षी शिकवतीलच असं नसतं. पॉलिसी बॉरोइंगचा कोर्स दोन वर्षांतून एकदाच होतो का ते आधी विचारा, नाहीतर सगळा प्लॅन त्याच्यावर टांगायचा आणि शिक्षक रजेवर.


गणितद्वेष्टी

रात्रपाळी +१. आडव्या कागदाची आयडिया ढापणार.


खिडकीतली

मघाशी एकच ओळ टाकून गप्प बसले होते, पण शांतता शिक्षणाला कोणीच वाली नाही म्हणून बोलते.

आठ मर्जीच्या कोर्समधला एक तरी थिसीसशी संबंध नसलेला असू द्या. मी निर्वासितांच्या शिक्षणाचा घेतला होता, माझा विषय पाठ्यपुस्तकांचा असूनही. तिथे आपत्कालीन शिक्षणाची किमान मानकं वाचली, आयएनईई नावाच्या, याच कामातल्या संस्था-माणसांच्या जाळ्याने २००४ मध्ये पहिल्यांदा काढलेली. शिक्षण म्हटलं की मी पुस्तक आणि शिक्षक एवढंच बघायचे. त्या मानकांमध्ये शाळेची वाट सुरक्षित आहे का, पाणी आणि स्वच्छतागृह जवळ आहे का, हे शिकण्याच्या जागेबद्दलच्या भागातच लिहिलंय. परत आले तेव्हा मला पाठ्यपुस्तकातल्या चित्रांत शाळेची वाटच कधी दिसत नाही हे पहिल्यांदा जाणवलं. ते माझ्या थिसीसचं तिसरं प्रकरण झालं.

सगळंच मणक्याला बांधलं तर मान वळत नाही.


वाकडीवाट

मान्य. 'मान वळत नाही' आवडलं. एक कोर्स मोकळा ठेवा. पण एकच!


फळाखडू

मंडळी, सुधारलेला प्लॅन टाकते. सिलॅबस मागवले, नऊ कोर्सचे मिळाले. पॉलिसी बॉरोइंग खरंच एका वर्षाआड आहे आणि येत्या वर्षी दुसऱ्या सेमिस्टरला आहे. रात्रपाळी, तुमच्यामुळे वाचले.

पहिलं सेमिस्टर: क्षेत्राची ओळख, संशोधन पद्धती, शिक्षण आणि विकास. तिन्ही सक्तीचे इथेच उरकले. दुसरं: पॉलिसी बॉरोइंग, संख्याशास्त्र, आणि दुसऱ्या विभागातला अभ्यासक्रम-विचार. तिसरं: गुणात्मक पद्धती, आंतरराष्ट्रीय चाचण्या आणि त्यांचा वापर, आणि निर्वासितांचं शिक्षण. चौथं: सेमिनार, शिक्षक-धोरण, आणि दुसऱ्या विभागातला शास्त्रशिक्षणावरचा एक.

शांतता शिक्षण सोडताना जीवावर आलं. पण आडव्या कागदावर बाराव्या आठवड्यात चार खुणा पडत होत्या, आणि मोकळा एकच ठेवायचा तर निर्वासितांचा कोर्स जास्त खुणावतोय. आर्थिक बाजूचा कोर्सही गेला. त्याचं वाईट वाटतंय, कारण किट कोणाच्या पैशातून आली हा प्रश्न उरतोच.


गणितद्वेष्टी

'शिक्षण आणि विकास' मध्ये ते थोडं येईल. जागतिक बँकेने शिक्षणासाठी पहिलं कर्ज १९६२ मध्ये ट्युनिशियाला दिलं, तिथपासूनची गोष्ट सांगतात. शिक्षणावरचा खर्च म्हणजे गुंतवणूक, हे शूल्ट्झ, बेकर या अर्थशास्त्रज्ञांचं म्हणणंही तिथेच भेटेल. टर्म पेपरला विषय म्हणून किटचा पैसाच घ्या. म्हणजे तो थिसीसच्या पार्श्वभूमीला आयता मिळेल.


अर्धाप्रबंध

प्लॅन आवडला. एक खोट काढतो, सवय आहे. तुलना कशाची करणार? 'आमच्या शाळेत असं झालं' ही आठवण झाली, थिसीस नाही.

ब्रे आणि थॉमस या संशोधकांनी १९९५ मध्ये, तुलना कशाकशाची करता येते हे दाखवणारा, एक घन मांडला होता. पहिल्याच कोर्समध्ये बघाल. एका कडेवर जागेच्या पायऱ्या: जगाचे प्रदेश, देश, राज्य, जिल्हा, शाळा, वर्ग, व्यक्ती. दुसऱ्या कडेवर लोकांचे गट. तिसऱ्या कडेवर शिक्षणाची अंगं: अभ्यासक्रम, अध्यापन, पैसा वगैरे. त्यांचं म्हणणं असं की लोक देशांच्या पायरीवरच बसून राहतात, खाली उतरतच नाहीत. तुम्ही उतरलाच आहात, वर्गापर्यंत. पण एकाच पायरीवर किमान दोन गोष्टी हव्यात. दोन शाळा? एकाच शाळेतले किट वापरणारे आणि न वापरणारे? की मॅन्युअलमधला वर्ग आणि तुमचा वर्ग? घाई नाही, पण मान्यतेच्या अर्जाच्या आधी ठरवा.

आणि मुलाखतीत 'कसा उपयोग झाला' विचारू नका, एवढं माझ्यासाठी करा.


फळाखडू

मॅन्युअलमधला वर्ग आणि खरा वर्ग. हे डोक्यात आलंच नव्हतं. कागदावरचा वर्गही शेवटी कोणीतरी मांडलेलाच आहे की, वीस मुलं, पाच टेबलं. तो दस्तऐवज म्हणून वाचायचा आणि त्याच्या शेजारी तीन-चार शाळांतले खरे वर्ग ठेवायचे. पहिला प्रश्न लिहून ठेवलाय: 'किट आली त्या दिवशी काय झालं, ते सांगाल?' उपयोगाचा शब्द नाही त्यात. अर्धाप्रबंध, पास का?


अर्धाप्रबंध

पास. माझ्या चौदांपेक्षा चांगला.


रात्रपाळी

एक व्यावहारिक शंका. मुलाखती एका भाषेत आणि थिसीस दुसऱ्या भाषेत असणार ना? मग लिहून काढण्याचे तास धरलेत तसे भाषांतराचेही धरा. मी सगळं भाषांतर करत बसलो होतो. गाइडने नंतर सांगितलं की विश्लेषण मूळ भाषेतच करायचं आणि अवतरणं म्हणून जी वाक्यं थिसीसमध्ये जाणार तेवढीच भाषांतरित करायची. तीन आठवडे वाचले असते.


फळाखडू

धरले. तिसऱ्या सेमिस्टरच्या आडव्या कागदावर पेन्सिलने.

काल ॲडव्हायजरशी पहिली भेट झाली. त्यांनी प्लॅन मान्य केला, फक्त चौथ्या सेमिस्टरचा शिक्षक-धोरण काढून तिथे रिकामी जागा ठेवली. म्हणाले, दीड वर्षाने प्रश्न बदललेला असेल, तेव्हा बघू. जुना प्लॅनही दाखवला होता. त्यातल्या 'शैक्षणिक नेतृत्व' समोर त्यांनी काही न बोलता पेन्सिलने एक प्रश्नचिन्ह काढलं. वाकडीवाट, तुमची आठवण झाली.

शाळेतल्या मैत्रिणीला फोन केला. म्हटलं, प्रयोगशाळेतलं ते कपाट कधी आवरायला काढलं तर खोकी हलवायच्या आधी फोटो काढून ठेव. ती म्हणाली, "अगं, आवरतंय कोण? किल्लीच सापडत नाहीये."